अकोल्याच्या उन्हात टिकेल असा एसएमपीएस: एका गेमिंग कॉम्प्युटरच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

भाच्याच्या कॉम्प्युटरचे सगळे भाग ठरले, एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर सप्लाय सोडून. प्रोसेसर रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय ते ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ५०७०. यादीच्या तळाशी त्याने लिहिलंय, "एसएमपीएस: उरलेल्या पैशात बसेल तो." ती ओळ खोडली आणि हे काम माझ्याकडे घेतलं. एमआयडीसीत दिवसभर मोटरचे ड्राइव्ह आणि पॅनेल उघडून बसतो, त्यामुळे उरलेल्या पैशातला पॉवर सप्लाय मे महिन्यात काय करतो ते रोज बघायला मिळतं.

आधी बेरीज. कार्डाची मर्यादा २५० वॉट. प्रोसेसर डब्यावर ६५ वॉटचा, पण बोर्ड त्याला ८८ वॉटपर्यंत खेचू देतो, म्हणून ८८ धरले. बोर्ड, रॅम, एसएसडी, पाच पंखे, यूएसबीला लटकलेल्या वस्तू मिळून ६० वॉट, सढळ हाताने. एकूण ३९८. खेळताना कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकाच वेळी मर्यादेला टेकत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमीच येईल. एनव्हिडिया या कार्डासाठी ६५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कोणी काय दर्जाचा एसएमपीएस लावेल याचा कंपनीला भरवसा नसतो, म्हणून त्या आकड्यात भरपूर मोकळीक सोडलेली असते.

भाच्याचा हिशेब वेगळा. "मामा, ग्रुपवर सगळे म्हणतात साडेआठशे घे." ग्रुपवरचे सगळे पुण्यात राहतात.

८ एप्रिल

त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस काढला. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, अंगावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. हातात घेतला तेव्हाच कळलं, रिकाम्या टिफिनइतका हलका. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांतला तक्ता वाचला: १२ व्होल्टवर १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॉट. आजचं कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टचे आकडे मिळवून ४५० ची बेरीज दाखवली, तरी ते वॉट या कामाला येत नाहीत. भाच्याला हे लेबल वाचायला शिकवलं. दुकानात डबा हातात घेतला की पहिली नजर तिथे.

मग उघडला. (कोणी हे वाचून उघडायला जाऊ नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात, चांगल्या प्रतीच्या सप्लायमध्ये पावणेचारशे ते चारशे, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. मी डिस्चार्ज करून, मीटर लावून खात्री केली.) आत काय दिसलं? लाईटच्या वायरी जिथे शिरतात तिथे फिल्टरच्या कॉइलसाठी बोर्डवर जागा छापलेली आहे, नावही छापलंय, पण कॉइलच्या जागी साधी तार डकवलेली. सर्ज, म्हणजे अचानक उसळलेलं व्होल्टेज, शोषणारा एमओव्ही नाही. पीएफसीचा (लाईटमधून करंट सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) पत्ता नाही, म्हणून मागे ते लाल ११५/२३० चं बटण. कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतच चालणारे, त्यातल्या दोघांची डोकी फुगलेली. हा इतकी वर्षं चालला याचं श्रेय जुन्या कॉम्प्युटरला. तो १२० वॉटच्या वर कधी गेलाच नसेल.

१२ एप्रिल, शनिवार

गावातल्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार ओळखीचा. "हजार वॉटचा घेऊन टाका न भाऊ, मंग पाहाचं कामच नाही." हजार वॉटचा जो डबा त्याने काढला त्याच्या लेबलवर १२ व्होल्टचा आकडा ठीक होता, पण तापमानाचा उल्लेख कुठेच नव्हता, वॉरंटी तीन वर्षं, आणि किंमत चांगल्या साडेसातशेएवढी. म्हणजे वॉट जास्त देऊन बाकी सगळं कमी दिलेलं.

भाचा गोल्ड, ब्राँझच्या स्टिकरांवर अडकला होता. ही स्टिकरं देणारा ८० प्लसचा कार्यक्रम २००४ पासून आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के आत पोहोचते, एवढंच तो मोजतो. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत अर्ध्या भाराला ब्राँझला ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. आपल्याकडे २३० व्होल्ट, त्यामुळे दोघांचीही कार्यक्षमता थोडी वर सरकते. फरक तेवढाच राहतो असं धरलं.

बिलाचा हिशेब मांडला कारण ताई तोच विचारणार होती. ४०० वॉटचा भार ९० टक्क्यांवर भिंतीतून ४४४ वॉट घेईल, ८५ टक्क्यांवर ४७०. फरक २६ वॉट. रोज चार तास पूर्ण भाराने खेळला तरी वर्षाला ३८ युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये लावले तर ३८० रुपये. दोन्ही डब्यांत अडीच हजारांचा फरक, तो वसूल व्हायला सहा वर्षांवर लागतील, आणि तेही भाच्याने रोज चार तास खेळायचं ठरवलं तर. हे ऐकून ताई म्हणाली, "मग ब्राँझच घे." तिचं गणित बरोबर आहे. गोल्ड घ्यायचं कारण बिलात नाही. ते हे, की चांगली आतली रचना, बऱ्या प्रतीचे कपॅसिटर आणि मोठी वॉरंटी या गोष्टी बाजारात बहुतेक गोल्डच्या डब्यातच मिळतात. पण नुसतं स्टिकर त्याची हमी देत नाही. व्होल्टेज किती स्थिर राहतं, संरक्षणं किती भाराला लागतात, पंखा किती गोंगाट करतो, यातलं काहीही ८० प्लस तपासत नाही. सायबेनेटिक्स नावाची सायप्रसमधली प्रयोगशाळा आवाजही वेगळा मोजते आणि २३० व्होल्टचे निकाल वेगळे देते. आपल्यासाठी ते जास्त उपयोगी. यापुढे तिच्याच यादीतून बघतो.

१६ एप्रिल

दुपारी तीनला भाच्याच्या खोलीत थर्मामीटर लावून ठेवला होता. वरच्या मजल्यावरची खोली, वर स्लॅब, पश्चिमेला भिंत. ३९ अंश. अजून एप्रिल अर्धा बाकी आहे. बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो त्या दिवसांत ही खोली ४१-४२ ला जाईल. कूलर लावला की सात-आठ अंश उतरतात, पण कूलर नेमका लाईट गेल्यावर बंद.

आता ८० प्लसची चाचणी किती तापमानाला होते? २३ अंशांना. अकोल्यात २३ अंश म्हणजे डिसेंबर.

म्हणून डब्यावरच्या वॉटसोबत एक आकडा शोधायला लागलो: हे वॉट सतत किती तापमानापर्यंत मिळतील. काही कंपन्या ५० अंश लिहितात, काही ४०, काही ४० च्या पुढे उतरत्या क्रमाने ५० ला ८० टक्केच मिळतील असं सांगतात, आणि कित्येक जण काहीच लिहीत नाहीत. हे तापमान एसएमपीएसच्या पंख्याने ओढलेल्या हवेचं. आतलं तापमान त्याच्याहून बरंच वर. पुण्यातल्या मुलाला ४० आणि ५० मधला फरक कधी जाणवणारही नाही. इथे मे महिन्यात ४० चा सप्लाय दुपारभर आपल्या मर्यादेच्या बाहेर उभा असतो.

कपॅसिटरचं गणितही मांडून ठेवतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांनी निम्मं होतं किंवा दुप्पट, हा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम. १०५ अंश आणि २००० तास असं लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर चार वेळा दुप्पट, ३२ हजार तास. रोजचे सहा तास धरले तर चौदा वर्षांवर. तेवढ्याच तासांचा पण ८५ अंशांचा कपॅसिटर त्याच ६५ वर ८ हजार तास, म्हणजे साडेतीन वर्षं. खोली दहा अंशांनी तापली की दोन्ही आकडे निम्मे. जुन्या सप्लायमधली फुगलेली डोकी इथून येतात.

भाच्याला कागदावर हे दाखवलं तर म्हणाला, "मग मामा, १०५ चे लिहिलंय तेवढं पाहिलं की झालं न?" तेवढ्याने होत नाही. "जपानी कपॅसिटर" असं डब्यावर लिहून फक्त पुढचा मोठा एक जपानी आणि मागचे सगळे दुसरेच, हेही चालतं. उघडून केलेली परीक्षणं वाचावी लागतात.

२० एप्रिल, रविवार

आजचा दिवस क्षणिक उसळ्यांवर गेला. कार्डाची मर्यादा २५० वॉट असली तरी ती सरासरी आहे. मिलिसेकंदाच्या आत कार्ड एकदम जास्त खेचतं आणि लगेच खाली येतं. आपल्या वॉटमीटरला हे दिसतही नाही. कार्ड मदरबोर्डला जोडण्याचं पीसीआय एक्सप्रेसचं नवं मानक १०० मायक्रोसेकंदांपुरती मर्यादेच्या तिप्पट उसळी चालवून घेतं. म्हणजे ७५० वॉट. त्यात बाकीच्यांचे १४८ मिळवले की ९०० च्या जवळ.

जुन्या मानकाचा सप्लाय अशा वेळी घाबरून बंद पडायचा आणि लोक कार्डाला दोष द्यायचे. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या मानकाने हा गोंधळ सोडवला: नवं सोळा पिनांचं कनेक्टर असलेल्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या वॉटच्या दुप्पट, एक मिलिसेकंद १८० टक्के, दहा मिलिसेकंद १६० टक्के, शंभर मिलिसेकंद १२० टक्के सोसलं पाहिजे. या हिशेबाने ६५० चा सप्लायही क्षणभर १३०० देईल. कागदावर ६५० पुरतोय. तरी ७५० कडे माझा कल आहे. दोन-तीन वर्षांनी भाचा ३०० वॉटच्या कार्डावर जाणार, त्याच्या बोलण्यातच ते आहे, आणि त्या वर्गाला आजच ७५० सुचवलेलं असतं. शिवाय ४०० वॉटचा भार ७५० च्या अर्ध्यावर बसतो. तिथे कार्यक्षमता सगळ्यात चांगली आणि पंखा सावकाश. ८५० आणि १००० ला माझ्याकडे एकही कारण नाही.

जास्त वॉट म्हणजे जास्त सुरक्षित, या समजुतीवर एक उतारा. सप्लायने किती भाराला स्वतःला बंद करायचं ती मर्यादा कारखान्यात ठरते. गिगाबाइटच्या ७५० वॉटच्या एका मॉडेलमध्ये ती १२० ते १५० टक्के होती, म्हणजे ९०० ते ११२५ वॉट. तपासणाऱ्यांच्या टेबलावर ते सप्लाय फुटायला लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने निवेदन काढून ही मर्यादा ११० ते १२० टक्क्यांवर आणल्याचं सांगितलं. त्यावरही गोल्डचं स्टिकर होतंच.

कनेक्टरबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या मालकांनी वितळलेल्या याच सोळा पिनांच्या कनेक्टरचे फोटो टाकले तेव्हापासून हा विषय थंड झालेला नाही. भाच्याच्या मनातही भीती. आकडे बघू. २५० वॉट भागिले १२, जवळपास २१ अँपिअर. ते १२ व्होल्टच्या सहा पिनांत वाटले की प्रत्येकी साडेतीन. पिनेची क्षमता साडेनऊच्या आसपास. म्हणजे आपण तिसऱ्या हिश्श्यावर आहोत. ५७५ वॉटच्या ५०९० ला हाच भागाकार प्रत्येकी आठवर नेतो, आणि त्यात एखाद-दुसरी पिन नीट बसली नसेल तर बाकीच्यांवर भार चढतो. तिथे ती भीती रास्त. आपल्याला एवढंच पाळायचं: १२व्ही-२×६ असं सुधारित कनेक्टर, ज्यात जाणीव देणाऱ्या चार पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड भार घेतच नाही. केबल थेट सप्लायमधून, मध्ये अडॅप्टर नको. कनेक्टरपासून तीनेक सेंटिमीटर सरळ, मग वळण.

पांढऱ्या विणलेल्या केबली ऑनलाइन मिळतात म्हणे, त्या घ्यायच्या का असं भाचा विचारत होता. नाही. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीनुसार बदलते, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही. प्लग बसतो, पण १२ व्होल्ट भलत्याच तारेवर जातात. डब्यात येतील त्याच केबली.

२४ एप्रिल

सप्लाय निवडायच्या आधी तो कुठे लावणार ते बघितलं, आणि काम वाढलं.

मीटर लावून दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज घेतलं. पहाटे २४४, रात्री साडेदहाला सगळ्या गल्लीचे कूलर चालू असताना १९६. दुकानदाराने स्टॅबिलायझर घ्यायला सांगितलं होतं. त्याची गरज नाही. अॅक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, १९६ त्याला काहीच नाही, फक्त करंट थोडा वाढेल.

खरी भानगड अर्थिंगची निघाली. जुना कॉम्प्युटर चालू असताना अनवाण्या पायाने कॅबिनेटला हात लावला की बोटाला मुंग्या येतात, असं ताई बरीच वर्षं सांगते. घरातल्यांनी ते "थोडा करंट मारतो" म्हणून सोडून दिलेलं. सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीकडे दोन सारखे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असेल तर त्यातून गळणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी बरोबर मधोमध लटकते, २३० च्या निम्म्यावर. स्वयंपाकघरातल्या चांगल्या अर्थपासून लांब वायर आणून कॅबिनेट मोजलं: १०८ व्होल्ट. दोष सप्लायचा नाही. नवा, महागातला घेतला असता तरी मुंग्या आल्याच असत्या, आणि सर्जला जायला वाट नसती ती वेगळीच.

भिंतीवरचा बोर्ड उघडला. सॉकेटच्या वरच्या पिनेला हिरवी वायर जोडलेली, पण भिंतीतल्या पाइपाच्या तोंडाशी ती कापून गुंडाळून ठेवलेली. घर बांधताना वायरमनने वरच्या मजल्याला अर्थ ओढलाच नव्हता.

२७ एप्रिल, रविवार

खालच्या मेन बोर्डापासून वरच्या खोलीपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची हिरवी वायर ओढली. नंतर टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला तर मिणमिणता. (घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाईन तोडणारा ब्रेकर, असेल तर या चाचणीने तो पडेल, आणि पडलाच पाहिजे.) म्हणजे वायर ठीक, पण खड्डाच कमजोर.

मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा बघितला. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. पाइपाभोवतीची मातीच सुटून बाजूला सरकलेली. वरचा भाग खणून मीठ-कोळसा नव्याने भरला, पाइपाच्या तोंडाला फनेल बसवलं, दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी लॅम्प स्वच्छ पेटला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट. उन्हाळाभर आठवड्याला एकदा बादली ओतायची जबाबदारी भाच्याकडे. कुंड्यांना पाणी घालतानाच घालायचं, वेगळं लक्षात ठेवायला नको.

ज्यांना हे स्वतः जमत नाही त्यांनी परवानाधारक वायरमन बोलवावा. पण बोलवावाच.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. ताईला आजच खरेदी हवी होती, मलाही आणखी वाचत बसायचा कंटाळा आला होता.

शेवटी समोर दोन राहिले. एक, साडेआठ हजारांचा ७५० वॉट गोल्ड, एटीएक्स ३.१, पण तापमानाच्या रकान्यात ४० अंश. दुसरा कॉर्सेअर आरएम७५०एक्स, नवी आवृत्ती: एटीएक्स ३.१, १२व्ही-२×६ ची थेट केबल, ५० अंशांना पूर्ण ७५०, दहा वर्षांची वॉरंटी, सायबेनेटिक्स गोल्ड. साडेतीन हजारांनी महाग. भाच्याच्या मित्राने लॅमिंग्टन रोडवरून भाव काढून दिला, तो ऑनलाइनपेक्षा थोडा कमी, पण मुंबईहून पार्सल आणि काही बिघडलं तर पुन्हा मुंबई. वॉरंटीसाठी बिल हातात असणं महत्त्वाचं, म्हणून ऑनलाइनच, अधिकृत विक्रेत्याकडून, जीएसटीच्या बिलासह.

साडेतीन हजार कुठून आणले? काचेच्या तीन बाजूंचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट रद्द करून जाळीच्या तोंडाचं साधं घेतलं. भाचा दिवसभर गप्प होता. दहा अंश विकत घेतलेत, असं त्याला सांगितलं. पटलेलं दिसत नाही.

५ मे

सप्लाय आला. लेबल: १२ व्होल्ट, ६२.५ अँपिअर. गुणाकार भाच्याने स्वतः केला, ७५०. वजन जुन्याच्या दुपटीहून जास्त.

बसवताना ठरवलेल्या गोष्टी. पंख्याचं तोंड खाली, म्हणजे तो कार्डाने तापवलेली हवा न घेता जमिनीजवळची घेईल. कॅबिनेटला चांगले उंच पाय आहेत आणि खाली फरशी आहे. सतरंजी असती तर पंखा वर केला असता. तळाची जाळी सरकवून काढता येते, कारण कूलरच्या दिवसांत ती पंधरवड्यात भरते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येणार नाही अशा बाजूला टेबल सरकवलं, तो ओलावा धुळीला चिकटवतो. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची केबल दिसायला वेगळ्या, पण घाईत चुकतात, म्हणून लावायच्या आधी दोन्हींवरचं छापील नाव मोठ्याने वाचायला लावलं. कार्डाचं कनेक्टर टक् असा आवाज येईपर्यंत, मग टॉर्च मारून फट नाही ना ते बघितलं.

पहिल्यांदा सुरू झाला. कॅबिनेट ते अर्थ: शून्य. ताईने स्वतः हात लावून खात्री केली.

११ मे, रविवार

मुद्दाम दुपारी दोनला चाचणी. खोली ४१, कूलर बंद. भिंतीच्या वॉटमीटरवर: नुसता चालू ६८ वॉट, खेळताना ३५५ ते ३८५, प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकत्र ताण दिल्यावर ४३६. ६ एप्रिलच्या बेरजेत ३९८ होते, भिंतीकडचा वाढावा काढला तर जवळपास तेवढेच.

तासभर ताण चालवला. मागून निघणारी हवा ५१ अंश. मल्टिमीटरने मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या (१२ व्होल्टच्या) तारेवर १२.०५, ताण काढला तर १२.०९. एवढ्या भाराच्या फरकाला हे उत्तम आहे. कमी भाराला हा सप्लाय पंखा बंद ठेवतो. थंडीत ते छान वाटेल, आत्ता खोलीच इतकी गरम की खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो फिरायला लागतो. ऐकू मात्र कार्डाचेच पंखे येतात.

भाच्याने कार्डाची मर्यादा सॉफ्टवेअरमधून ८५ टक्क्यांवर आणून बघितली. भिंतीवर चाळीसेक वॉट कमी झाले, फ्रेम दोन-चारच. मे महिन्यापुरतं असंच ठेवायचं ठरलं. ही सूचना त्याची, माझी नाही.

१७ मे

काल संध्याकाळी वळवाचा पाऊस, वारा, आणि रिवाजाप्रमाणे लाईट गेली. कॉम्प्युटर सुरू होता, इन्व्हर्टरवर होता, तरी बंद पडून परत सुरू झाला. भाच्याचा फोन: "मामा, एसएमपीएस खराब निघाला वाटते."

इन्व्हर्टरचं पुस्तक काढलं. घरचा आहे ९०० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा, ही चांगली गोष्ट. चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर पीएफसीवाले सप्लाय कुरकुरतात. मागे एक बारीक बटण असतं, बहुतेक घरांत ते कधी कोणी बघितलेलं नसतं. एका बाजूला यूपीएस मोड: लाईट १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेली की बदल, आणि तो १० मिलिसेकंदांच्या आत. दुसऱ्या बाजूला साधा मोड: १०० ते २९० पर्यंत लाईटच चालू ठेवायची आणि बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत. पंख्या-दिव्यांना चाळीस मिलिसेकंद कळतही नाहीत. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमधली साठवण पूर्ण भाराला १२ मिलिसेकंदांच्या आसपास पुरेल अशीच मानकाची अपेक्षा असते. अर्ध्या भाराला ती जवळपास दुप्पट टिकते, तरी चाळीस नाही. बटण साध्या मोडवर होतं.

यूपीएस मोडवर टाकलं आणि खेळ चालू असताना मेन पाडला. पडद्याने डोळाही मिचकावला नाही. भार बदलून आणखी काही वेळा केलं, तसंच. परत साध्या मोडवर आणून पाडला, लगेच बंद. एसएमपीएस निर्दोष.

यूपीएस मोडचा तोटा एकच. रात्री व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर उगाच बॅटरीवर जाईल. आमच्याकडे नीचांक १९६ आहे, त्यामुळे चालेल. ज्यांच्याकडे १७० होतं त्यांना वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज स्वतःच सावरणारा) यूपीएस घ्यावा लागेल, आणि तो घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा नव्हे. त्यातून ३६० वॉटच मिळतात, खेळ सुरू होताच तो ओरडून बसेल. १००० किंवा ११०० व्हीए, ६०० वॉटच्या वरचा बघावा.

भाराचा हिशेब: कॉम्प्युटर ३८५, मॉनिटर ३०, दोन पंखे १४०. साडेपाचशेवर. इन्व्हर्टरला झेपतं, पण १५० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्या वेगाने उपसली तर तास-सव्वा तासात संपेल आणि रात्री ताईकडे पंखा नसेल. घरचा नियम ठरला: लाईट गेली की खेळ सेव्ह करून कॉम्प्युटर बंद. कडकडाट सुरू झाला तर प्लगच काढायचा. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर लावायचाय, पावसाळ्याआधी. त्यालाही अर्थिंग लागतं, ते आता आहे.

२४ मे

बाकी कामं. सर्ज प्रोटेक्टर मागवलाय, टाइप २ चा, पुढच्या रविवारी बसवणार. सप्लायचं बिल थर्मल कागदावर नसल्याची खात्री केली, पीडीएफ ताईच्या आणि माझ्या मेलवर. अनुक्रमांकाचा फोटो त्यासोबत. उरलेल्या मॉड्युलर (सुट्या करता येणाऱ्या) केबली त्यांच्याच पिशवीत, पिशवीवर मॉडेलचं नाव मार्करने.

जुना ४५० वॉटवाला दुकानदार शंभर रुपयांत परत घ्यायला तयार होता. दिला नाही, तो कोणाच्या तरी नव्या कार्डाखाली गेला असता. पंखा आणि केबली काढून घेतल्या, बाकी भंगारात.